पाचवा महिना, दिवसभर उभ्याचं काम आणि पायांवरच्या निळ्या शिरा: काही थांबवता येतं का?

काठपदर

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतीच वाचत होते, धागा पहिल्यांदा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

कोल्हापुरात महाद्वार रोडजवळ साड्यांच्या दुकानात काउंटरला आहे. सकाळी दुकान उघडलं की जेवणाची सुट्टी सोडून रात्री शटर ओढेपर्यंत उभीच. पाचवा महिना लागलाय, पहिलंच. हल्ली घरी येऊन साडी सोडली की गुडघ्यामागे आणि पोटरीवर निळं जाळं दिसतं. उजव्या पायाची एक शीर तर बोटाला लागते, दाबली की बसते, सोडली की परत वर. दुखतं असं नाही. पण पाय जड होतात आणि रात्री पोटरीत गोळा येऊन दचकून जाग येते.

खरी धास्ती वेगळीच आहे. आईला माझ्या वेळी असंच सुरू झालं, भावाच्या वेळी वाढलं आणि मग गेलंच नाही. आता तिच्या घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट, जाड झालीय, सतत खाज. मागे खाजवून जखम झाली ती कित्येक महिने भरत नव्हती. मला त्या वाटेनं जायचं नाही.

डॉक्टर मॅडमना विचारलं तर "होतं असं, पाय वर ठेवत जा" म्हणाल्या. बाहेर बाकडी भरलेली, पुढचं विचारायला धीर झाला नाही. सासूबाई म्हणतात तिळाच्या तेलानं रगडून घे. शेजारच्या वहिनी म्हणतात घट्ट मोजे आण. दुकानातल्या मावशी म्हणतात जळवा लाव. कुणाचं ऐकू?

निवांत_नाही

आधी अभिनंदन! डोहाळे काय लागलेत ते सांगितलंच नाहीस.

मलाही पहिल्या वेळी अगदी हेच. बाळ रांगायला लागेपर्यंत बऱ्याचशा ओसरल्या, एक वाकडी शीर तेवढी राहिली. फार मनाला लावून घेऊ नकोस. जाणकार येतीलच. वाचतेय.

तिखटजाळ

जळवा बिळवा काय नको गं लेकी. पोटुशी बाईनं कुणाच्याबी सांगण्यावरनं रक्त काढून घ्यायचं असतंय व्हय? आमच्या कागलाकडं एकीनं घेतल्या लावून, तिथंच चिघळलं, मग पळाली दवाखान्याला. मी सांगतो, सासूला नाही म्हणायचं नसलं तर तळपायाला तेल लावून घे, तिचंबी मन राहतंय. शिरांवर हात चालवू देऊ नको.

सिस्टर_इनचार्ज

काठपदर, बाळंतपणाच्या वॉर्डात माझी नोकरी गेली, आता निवृत्त आहे. तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते. पूर्णपणे थांबवता येईलच असं नाही. आईला आहे म्हणजे शिरांची ठेवण तुझ्याकडे वारशानं आलेली असू शकते, आणि त्यावर तेलही चालत नाही आणि मोजेही. पण त्या किती वाढाव्यात आणि किती छळाव्यात हे बऱ्यापैकी तुझ्या हातात आहे.

होतं काय ते समजून घे, म्हणजे कुणाचं ऐकायचं ते तुझं तुलाच कळेल. गरोदरपणात अंगातलं रक्त साधारण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. त्यात प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे शिरांच्या भिंती सैलावतात. आणि गर्भाशय वाढलं की पायांकडून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेवर त्याचा भार पडतो. रक्त जास्त, नळी ढिली, वरून दाब. शिरांच्या आत रक्त खाली उतरू न देणाऱ्या झडपा असतात. शीर ताणली की झडपेची दोन पाती एकमेकांना भिडत नाहीत आणि रक्त खाली साचतं. तुला बोटाला लागते ती हीच.

ती मोठी शीर मणक्याच्या जरा उजव्या बाजूला असते. म्हणून डाव्या कुशीवर झोपायला सांगतात, त्यात गूढ काही नाही. गुडघ्यांच्या मध्ये एक उशी घे. २८ आठवड्यांनंतर तर उताणं झोपणं टाळायचंच, ते फक्त शिरांसाठी नाही, बाळासाठीसुद्धा. मात्र रात्री जाग आली आणि उताणी दिसलीस तर घाबरायचं नाही, कुशीवर वळायचं आणि परत झोपायचं.

"पाय वर" म्हणजे पुढ्यात स्टूल घेऊन त्यावर पाय ठेवणं नव्हे. त्यानं आराम मिळतो, पण सूज उतरायची तर पाय छातीच्या पातळीच्या वर जायला हवेत. घरी गेलीस की कुशीवर किंवा पाठीमागे उशा लावून अर्धवट रेल, पायांखाली लोड घे, पंधरा-वीस मिनिटं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत गठ्ठ्यांवर तसं पडायला मिळालं तर फारच उत्तम.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नकोस. कुंथण्यानं खालच्या शिरांवर ताण येतो, मूळव्याध ही शिरांचीच भानगड आहे. लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर शौचाला घट्ट होतेच. भाकरी, पालेभाजी, भिजवलेले मनुके आणि पाणी. दुकानात स्वच्छतागृह लांब आहे म्हणून पाणी कमी पिणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या. असलं करू नकोस.

फुटवॉल

सिस्टर, झडपेचं एकदम पटलं. आमच्या विहिरीवर मोटारीच्या पाइपाला खाली फुटवॉल असतो. तो गळायला लागला की मोटार बंद केल्या केल्या पाइपातलं पाणी सगळं परत विहिरीत. मोटार कितीही दणकट असू दे.

शंका अशी की पायात मोटार कुठली? हृदय तर वर आहे.

पोटरीपंप

फिजिओथेरपिस्ट आहे, राजारामपुरीत. फुटवॉल, नेमका प्रश्न विचारलात. पायातली मोटार म्हणजे पोटरी. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. सैल झाला की खालून नवं रक्त भरतं. माणूस नुसता उभा राहिला की ही मोटार बंद. म्हणून उभं राहण्यापेक्षा *न हलता* उभं राहणं वाईट. दिवसभर चालणाऱ्या पोस्टमनपेक्षा जागेवर उभ्या असणाऱ्यांचे पाय आमच्याकडे जास्त येतात. शिक्षिका, काउंटरवरच्या मुली, सलूनवाले, मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बायका.

काठपदर, तुझ्या कामातच व्यायाम बसवता येईल. साडी उलगडून गिऱ्हाईक पदर बघत असतं तेव्हा काउंटर धरून दोन्ही टाचा उचल, दोन श्वास थांब, सावकाश खाली ये. असं दहा-पंधरा वेळा, दर अर्ध्या तासाला. साडीच्या निऱ्यांखाली कुणाला पत्ता लागत नाही. मधल्या वेळात एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घे. वरच्या फळीवरची साडी काढायला पोराला हाक मारण्याऐवजी गोडाऊनपर्यंत तू जा, फक्त गठ्ठा उचलू नकोस आणि स्टुलावर चढू नकोस. बसायला मिळालं की पंजे पुढे-मागे आणि गोल फिरव.

रात्रीच्या गोळ्यांसाठी झोपायच्या आधी भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, टाच जमिनीला घट्ट. गोळा आलाच तर पंजा नडगीकडे ओढायचा. पायाची बोटं पुढे ताणली की गोळा वाढतो, ते करू नका.

आणि चालणं. रोज अर्धा तास, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. रंकाळ्याला सकाळी जा, सपाट आहे, बसायला जागा आहे. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर मात्र नको. पोहायला येत असेल आणि स्वच्छ तलाव जवळ असेल तर त्याच्यासारखं काही नाही, पाण्याच्या दाबानंच सूज उतरते.

दुधकट्टा

पंचगंगेत चालेल का? 😄

(हलके घ्या.)

पोटरीपंप

पूर ओसरू दे, मग बघू.

आकाशकंदील

पायावर पाय टाकून बसल्यानं व्हेरिकोज व्हेन्स (या फुगलेल्या शिरा) होतात असं आमच्या आजेसासूबाई सांगायच्या. खरं का? आणि उंच टाचा?

पोटरीपंप

पायावर पाय टाकल्यानं होतात याला भक्कम आधार नाही. पण तसं बसलं की माणूस तासभर हलत नाही, आणि ते वाईटच. टाचांचं म्हणाल तर उंच टाचेत पोटरी पूर्ण आवळत-सैलावत नाही, मोटार अर्धीच चालते. शिवाय या दिवसांत तोल बिघडलेला असतो. कोल्हापुरी चप्पल सपाट आहे, तेवढं चांगलं, पण नवी करकरीत घालून दिवसभर दुकानात उभं राहू नका. तळ कडक असतो, अंगठ्याला लागते आणि सुजलेल्या पावलावर पट्टा काचतो. मऊ तळाची, मागे पट्टा असलेली सँडल बरी.

सिस्टर_इनचार्ज

काचण्यावरून आठवलं. परकराची नाडी. साडी नीट बसावी म्हणून बायका पाचव्या-सहाव्या महिन्यातही नाडी अशी आवळतात की कमरेला वळ उठतो. कमरेला आणि जांघेत काही घट्ट नको. दुकानात साडी सक्तीची असेल तर रुंद पट्ट्याचा परकर शिवून घे.

जोडवी आणि पैंजणसुद्धा पाय सुजायच्या आधीच सैल करून घ्या. हुपरीचे जाड पैंजण घालून लेबर रूमला आलेल्या आणि घोट्यात रुतलेले, निघता निघेनात, अशा बायका पाहिल्यात. जोडवी तर कापून काढावी लागतात. सौभाग्याचं लेणं म्हणून कुणी काढू देत नाही आणि मग ऐन वेळी पक्कड शोधत फिरायचं.

निवांत_नाही

+१. माझी जोडवी साबण लावून निघाली होती. कळांना मी ओरडले नाही तेवढी त्याला ओरडले.

काठपदर

सगळ्यांचे मनापासून आभार. टाचा उचलायचं आजपासूनच सुरू केलं. शेजारची मुलगी विचारत होती मी सारखी उंच का होतेय.

मोज्यांचं कुणीच बोललं नाही. आणायचे का? मेडिकलवाल्यानं विचारलं "कुठला क्लास?" मी म्हटलं विचारून सांगते.

सिस्टर_इनचार्ज

मोज्यांबद्दल लोकांच्या अपेक्षा चुकीच्या असतात. घट्ट मोजे घातले म्हणजे नव्या शिरा उमटणार नाहीत असं नाही. ते थांबवत नाहीत. जडपणा, ठणका, संध्याकाळची सूज कमी करतात, आणि दिवसभर उभ्या असणाऱ्या बाईला तेवढंही खूप असतं. तुला त्रास होतोय, तेव्हा घे. पण मॅडमना विचारून, कारण पायाच्या धमन्यांचा आजार किंवा मधुमेहामुळे पायाच्या संवेदना गेलेल्या असतील तर हे मोजे घालायचे नसतात.

क्लास म्हणजे दाबाची पायरी. आपल्याकडे बहुतेक पाकिटांवर क्लास १ म्हणजे घोट्याशी साधारण १८ ते २१ मिलिमीटर पारा, क्लास २ म्हणजे २३ ते ३२ असं दिसेल. पण वेगवेगळ्या देशांची मापं वेगळी असतात, त्यामुळे क्लासच्या आकड्यावर न जाता पाकिटावरचा दाब वाचायचा. दाब घोट्याशी सगळ्यात जास्त आणि वर कमी कमी होत जातो, म्हणून रक्त वर सरकतं. रस्त्यावर मिळणारा नुसता घट्ट इलास्टिकचा मोजा बरोबर उलटं करतो, वरच आवळतो.

माप सकाळी उठल्या उठल्या, सूज नसताना घ्यायचं. घोट्याच्या वरचा सगळ्यात बारीक घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर आणि पायाची लांबी. संध्याकाळी कामावरून येता येता माप देऊन आणलेला मोजा सैल पडतो. "फ्री साइज" कुणी दिला तर घेऊ नको. पुढे पोट वाढलं की माप बदलतं, परत मोजायचं.

मीठभाकर

मोज्यांऐवजी क्रेप बँडेज चालत नाही का? निम्म्या पैशात येतं.

सिस्टर_इनचार्ज

बांधता आलं तर. पण घरी बहुतेक जण वर घट्ट आणि खाली सैल बांधतात, आणि तासाभरात ते घसरून गुडघ्याखाली दोरी होऊन बसतं. त्यापेक्षा काही न बांधलेलं बरं.

गादीवरचा

माझं कापडाचं दुकान आहे. (काठपदर काम करते ते नव्हे, आधीच सांगतो.) विक्रीच्या बायकांना दिवसभर उभं का राहावं लागतं, त्याची दुसरी बाजूही ऐका. गिऱ्हाईक पायरी चढून आत येतं आणि विक्रीची बाई बसलेली दिसली की त्याला वाटतं आपली किंमत नाही. शेजारी दहा दुकानं आहेत. आम्ही काय हौसेनं उभं करत नाही कुणाला. सणावाराला मी स्वतः उभा असतो.

भवानीमंडप

गादीवरचा, तुमच्या नावातच उत्तर आहे की! आमच्या लहानपणी कोल्हापुरात साडी घ्यायला गेलं की चप्पल बाहेर काढून पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं. विकणारा बसलेला, घेणारा बसलेला, मध्ये साड्यांचा ढीग, चहा यायचा. कुणाचा अपमान होत नव्हता. अजूनही काही दुकानांत गादी आहे. काचेचे काउंटर आले आणि विकणाऱ्याचं बसणं गेलं, घेणाऱ्याला मात्र समोर गुबगुबीत खुर्ची. म्हणजे "बसलेलं बरं दिसत नाही" ही काय आपली रीत नव्हे, कालपरवाची फॅशन आहे.

कलमदान

कामगार कायद्याचं थोडं काम बघतो, म्हणून लिहितो.

मातृत्व लाभ कायदा, १९६१ म्हटलं की सगळ्यांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आठवते, ती २०१७ च्या दुरुस्तीनं आली. त्याच कायद्याच्या कलम ४ कडे कुणी बघत नव्हतं. गरोदर बाईनं विनंती केली तर मालकानं तिला कष्टाचं किंवा *बराच वेळ उभं राहावं लागेल असं* काम द्यायचं नाही, असं तिथं स्पष्ट म्हटलं होतं. हा काळ म्हणजे बाळंतपणाच्या अंदाजे तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्या मागचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांतही ती रजेवर न जाता कामावर येत असेल तर तेही दिवस. हलकं काम दिलं म्हणून पगार कापायचा नाही, हे कलम १३ मध्ये होतं. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली, तिच्यातही ही तरतूद घेतलेली आहे.

दोन अडचणी. एक, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानालाच हे लागू. दोन, पाचव्या महिन्यात अजून तो काळ सुरू झालेला नाही, म्हणजे आज कायद्याचं बोट दाखवून स्टूल मागता येणार नाही. पण अर्ज आधीच लेखी देऊन ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि पोचेची सही घ्या.

बसण्याचा हक्क सगळ्याच विक्रेत्यांना असावा, गरोदर असो नसो, हे केरळनं २०१८ साली आणि तामिळनाडूनं २०२१ साली दुकानांच्या कायद्यात घातलं. तिथली साड्यांची दुकानं काही बंद पडली नाहीत.

गादीवरचा

कायदा माहीत नव्हता, वाचून बघतो. आमच्याकडे सात माणसं. तरी काउंटरमागे उंच स्टूल ठेवायला माझी हरकत नाही, गिऱ्हाईक आलं की उठायचं एवढंच.

पोटरीपंप

एवढंच पुरे आहे हो. सारखं बसून राहावं असं कुणी म्हणतच नाही. बस, ऊठ, चार पावलं टाक. तुमच्याही पायांना चांगलं.

ऊसवाला

मध्येच येतोय, माफ करा. बायकोला सातवा लागलाय. राधानगरीच्या बाजूला राहतो. तिला शिरा-बिरा काही नाहीत, पण कालपासून डावा पाय मांडीपर्यंत सुजलाय, उजवा ठीक आहे. पोटरी गरम लागते, दाबली की कळ येते. आई शेक देऊन चोळायचं म्हणते. धागा वाचून चोळणं थांबवलंय. उद्या सकाळी कोल्हापूरला दाखवलं तर चालेल का?

सिस्टर_इनचार्ज

उद्या नाही, आत्ता निघा. चोळू नका, शेकू नका. सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जे कुठलं मोठं रुग्णालय चोवीस तास उघडं असेल तिथं जा आणि "गरोदर आहे, एकच पाय सुजलाय" हे शब्द आल्या आल्या सांगा. वाटेत धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं तर १०८ ला फोन करा.

तिखटजाळ

जा बाबा लवकर. पोचलास की लिही.

सिस्टर_इनचार्ज

ऊसवाला पोचेपर्यंत बाकीच्यांसाठी लिहून ठेवते, कारण हे शिरांच्या गप्पांत हरवून जातं. दोन्ही पाय संध्याकाळी सारखे सुजतात आणि सकाळी उतरतात, हे नेहमीचं. *एकच* पाय सुजला, गरम झाला, दुखला, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. गरोदरपणात रक्त गोठायची प्रवृत्ती वाढलेली असते, बाळंतपणात रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून निसर्गानं केलेली ती सोय, पण तिचा हा तोटा. आणि ती बहुतेकदा डाव्या पायात होते, कारण उजव्या पायाकडे जाणारी धमनी ओटीपोटात डाव्या पायाच्या शिरेवरून जाते आणि तिला दाबते. चोळलं तर गुठळी सुटून फुप्फुसात जायची भीती.

चेहरा आणि हात अचानक सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले तर ते शिरांचं नव्हे, बीपीचं असू शकतं. तेव्हाही थांबायचं नाही. वर दिसणारी फुगलेली शीर तांबडी, कडक, दुखरी झाली तरी दाखवायचं. आणि ती शीर फुटून रक्त आलं तर आडवं पडायचं, पाय उंच करायचा, स्वच्छ कापडानं दाबून धरायचं आणि दवाखाना गाठायचा.

ऊसवाला

रात्रीच पोचलो. पायाची कलर डॉपलर सोनोग्राफी केली, मांडीच्या शिरेत गुठळी निघाली. दाखल करून घेतलंय. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची, पोटावर टोचायची इंजेक्शनं सुरू केलीत. बाळ ठीक आहे. डॉक्टर म्हणाले हे औषध वारेतून बाळाकडे जात नाही, आणि बाळंतपणानंतरही निदान सहा आठवडे घ्यावं लागेल. आई कोपऱ्यात गप्प बसलीय. सिस्टर, काय बोलू.

सिस्टर_इनचार्ज

काही बोलू नका, इंजेक्शनच्या वेळा सांभाळा. आणि आईंना दोष देऊ नका, त्यांच्या माहितीप्रमाणे त्या बरोबरच सांगत होत्या.

एक सांगून ठेवते. गुठळीचा धोका बाळंतपण झाल्यावर संपत नाही, पहिल्या सहा आठवड्यांत तो सगळ्यात जास्त असतो, सिझेरियन झालं तर आणखी. आणि आपल्याकडे नेमका तोच सव्वा महिना बाळंतिणीला खाटेवर निजवतात, खाली शेगडी, अंगावर पांघरूण, पाणी बेताचं. डिंकाचे लाडू खा, अळीव खा, शेक घ्या, पण डॉक्टरांनी उठायला सांगितलं की घरातल्या घरात फिरा आणि पाणी भरपूर प्या. "बाळंतिणीनं पाणी पिऊ नये" हे मला अजून ऐकू येतं तेव्हा राग येतो.

आकाशकंदील

ऊसवाला, वहिनींना लवकर आराम पडो. सिस्टर, वाचनखूण साठवली.

एक नाजूक प्रश्न. शिरा पायांवर नसून अजून वर, खाजगी जागी असतील तर? मैत्रिणीला आहेत, लाजेनं कुणाला सांगत नाही. नॉर्मल होणार नाही म्हणून रडते.

सिस्टर_इनचार्ज

होतात तिथेही, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जास्त. तिला म्हणावं तपासणीच्या वेळी आपणहून सांग, आम्हाला त्यात नवं काही नसतं. नुसत्या या शिरांमुळे सिझेरियन करावं लागत नाही. थंड पाण्याची घडी, दिवसातून दोन-तीनदा कुशीवर आडवं होणं, जास्त वेळ उभं न राहणं, आणि आधार देणारे पट्टे मिळतात ते डॉक्टरांना विचारून. बहुतेकींच्या बाळंतपणानंतर आपोआप जातात.

मीठभाकर

शिरांच्या गोळ्या मिळतात ना मेडिकलमध्ये? माझ्या वडिलांना चालू आहेत. त्यातलीच एक...

सिस्टर_इनचार्ज

नाही. वडिलांच्या पुडीतली गोळी गरोदर बाईला द्यायची नाही. गोळी, मलम, काढा, काहीही असो, तिच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही. लेसर आणि शिरेत इंजेक्शन देऊन ती बंद करणं हे उपायसुद्धा गरोदरपणात सहसा करत नाहीत. बाळंतपणानंतर साधारण तीन महिन्यांपासून वर्षभरात बऱ्याच शिरा आपणहून ओसरतात, काय उरतं ते बघून मग ठरवतात.

काठपदर

ऊसवालांचं वाचून अंगावर काटा आला. माझे दोन्ही पाय सारखेच सुजतात, आज पट्टीनं मोजून बघितले.

मालकांशी बोलले. स्टुलाला हो म्हणाले, पण काउंटरच्या आत, कॅमेऱ्यात दिसणार नाही असं. नवरात्रात मात्र जमणार नाही म्हणाले. तेव्हा मला सातवा असेल आणि अंबाबाईच्या गर्दीत आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. कलमदान, तुम्ही म्हणता तो काळ माझ्या तारखेप्रमाणे दसऱ्यानंतर सुरू होतो. अर्ज आजच लिहायला घेतलाय.

मोजे आणले, पण घालताना दम लागतो. पोट आड येतं आणि ते चढतच नाहीत.

पोटरीपंप

सकाळी पलंगावरून पाय खाली सोडायच्या आधी घालायचे, ही पहिली गोष्ट. एकदा उभी राहिलीस की रक्त खाली उतरतं आणि झटापट सुरू. मोजा टाचेपर्यंत उलटा कर, पंजा आत घाल, टाचेचा खळगा बरोबर टाचेवर आला की मग थोडा थोडा वर उलगडत ने. वरची कड धरून ओढायचा नाही. भांडी घासायचे रबरी हातमोजे घाल, पकड येते. पाय ओले नकोत, थोडी टाल्कम पावडर लाव. आणि पुढे पोट वाढलं की हे नवऱ्याचं काम, त्याला आत्ताच शिकव. वर उरलेला भाग दुमडून ठेवायचा नाही, तिथं दोन पदर होऊन काचतं. रात्री काढायचे. हातानं धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. इस्त्री नको.

काठपदर

नवऱ्याला धागा वाचायला दिलाय.

अजून एक राहिलं. आईच्या पायाचं काही होऊ शकतं का? ती म्हणते आता या वयात काय करायचंय.

सिस्टर_इनचार्ज

घोट्याजवळ काळी, जाड कातडी आणि न भरणारी जखम म्हणजे तिच्या शिरांचं दुखणं पुढच्या टप्प्यावर गेलंय. वयाचा प्रश्नच नाही, बाळंतपण होऊन गेलेल्या बाईला सगळे उपाय खुले असतात. तुझ्या पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा तिला सोबत ने आणि व्हॅस्क्युलर सर्जनला (रक्तवाहिन्यांच्या सर्जनला) दाखव, जवळ नसेल तर जनरल सर्जनला. डॉपलर करून कुठली झडप गळतेय ते कळतं, आणि हल्ली लेसरनं बहुतेकदा त्याच दिवशी घरी सोडतात. तोपर्यंत खाजेसाठी साधं खोबरेल तेल वरच्यावर लावू दे, नखं लावू देऊ नकोस. पायाचे ठोके तपासल्याशिवाय तुझे मोजे तिला घालायला देऊ नकोस.

तिखटजाळ

आईला म्हणावं कागलची एक म्हातारी गुडघा बदलून रंकाळ्याला दोन फेऱ्या मारती, तू का भितीस.